एकाच पाइपवरच्या रेडिएटरला थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवताना

एकाच पाइपवर चालणाऱ्या हीटिंगमध्ये रेडिएटरला, म्हणजे आतून गरम पाणी किंवा वाफ खेळवून खोली तापवणाऱ्या धातूच्या पोकळ पाकळ्यांच्या संचाला, थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवता येतो का, या प्रश्नाचे उत्तर ‘येतो’ असेच आहे. मात्र कोणता व्हॉल्व्ह आणि रेडिएटरच्या कोणत्या टोकाला, हे दोन गोष्टींवर ठरते. त्या पाइपमधून गरम पाणी वाहते की वाफ, हे आधी पाहावे लागते. पाणी असेल तर रेडिएटरला वगळून पुढे जाण्याची वाट त्याला आहे की नाही, हे पाहावे लागते. एवढे न पाहता दुकानातून हाताला येईल तो व्हॉल्व्ह आणून बसवला, तर स्वतःची खोली गार राहते किंवा खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याची तरी गार पडते.

सोलापुरात या प्रश्नाचे नवल वाटेल. इथे डिसेंबरातल्या पहाटे पारा पंधरा अंशांच्या आसपास आला तरी एका चादरीत भागते, आणि घर तापवण्याची यंत्रणा कोणी बसवत नाही. पण शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जर्मनी, पोलंड, रशिया, अमेरिका अशा देशांत गेलेली इथली मुले बहुधा जुन्या, कमी भाड्याच्या इमारतींत राहतात आणि एकपाइपी हीटिंग नेमकी अशाच इमारतींत सापडते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत किंवा पूर्व भागातल्या प्रोसेस हाउसमध्ये ज्या काका-मामांनी वाफेच्या लाइनी सांभाळल्या, त्यांच्याकडे मग रेडिएटरचे फोटो येतात. माझे कामही त्याच वाफेचे असल्यामुळे हे फोटो माझ्याकडेही येतात. त्यांना एकेकट्याला देत आलेले उत्तर इथे सविस्तर लिहितो.

व्हॉल्व्ह काय करतो

थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हचे दोन भाग असतात. पाइपला जोडलेली पितळी बॉडी आणि तिच्यावर बसणारे, आकडे लिहिलेले गोल डोके. डोक्याच्या आत मेण, द्रव किंवा वायू भरलेली बंद कुपी असते. खोलीतली हवा तापली की कुपीतला पदार्थ फुगतो, बॉडीतली पिन दाबली जाते आणि पाण्याची वाट अरुंद होते. हवा गार झाली की पदार्थ आकसतो आणि स्प्रिंग पिन परत वर ढकलते. वीज, बॅटरी, तार यांपैकी काहीही लागत नाही. डेन्मार्कच्या डॅनफॉस कंपनीचे संस्थापक मॅड्स क्लाउसेन यांनी १९४० च्या दशकात या कल्पनेवर काम केले, १९५० च्या दशकात तिचे व्यापारी उत्पादन सुरू झाले आणि मूळ रचना आजही तीच आहे.

डोक्यावरच्या आकड्यांबद्दल आपल्याकडच्या मुलांचा हमखास गैरसमज होतो, कारण आपल्याला पंख्याच्या रेग्युलेटरची सवय असते. पंखा पाचवर ठेवला की जोरात फिरतो. इथे पाच हा आकडा जोर दाखवत नाही, खोलीचे तापमान दाखवतो. बहुतेक कंपन्यांच्या डोक्यांवर ३ म्हणजे सुमारे २० अंश सेल्सिअस आणि ५ म्हणजे सुमारे २८ अंश. बर्फाच्या चांदणीची खूण म्हणजे साधारण सहा ते आठ अंश, अर्थात पाइप गोठू नये एवढीच ऊब. थंड खोलीत शिरल्यावर ३ वर ठेवा किंवा ५ वर, व्हॉल्व्ह बराच वेळ पूर्ण उघडाच राहतो आणि खोली जवळपास त्याच वेगाने तापते. फरक नंतर पडतो. ३ वरचा व्हॉल्व्ह विसाच्या सुमारास वाट आवळतो आणि ५ वरचा, खिडकी उघडण्याची पाळी येईपर्यंत, तापवत राहतो.

आवळत जाणे हाच या व्हॉल्व्हचा स्वभाव असल्यामुळे एका पाइपच्या रचनेत अडचण येते.

एक पाइप म्हणजे काय

नेहमीच्या रचनेत दोन पाइप असतात. एकातून बॉयलरचे गरम पाणी प्रत्येक रेडिएटरला मिळते आणि दुसऱ्यातून निवलेले पाणी परत जाते. तिथे प्रत्येक रेडिएटर स्वतंत्र असतो. एक बंद केला तर बाकीच्यांना थोडे जास्तच पाणी मिळते. एकपाइपी रचनेत परतीचा वेगळा पाइप रेडिएटरपाशी नसतोच. एका रेडिएटरमधून बाहेर पडलेले पाणी त्याच पाइपने पुढच्या रेडिएटरकडे जाते, आणि शेवटच्या रेडिएटरनंतर ते बॉयलरकडे वळते. पाइपचा खर्च कमी आणि काम झटपट, म्हणून विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत सोव्हिएत संघात, पूर्व जर्मनीत आणि आसपासच्या देशांत पूर्वरचित काँक्रीटच्या हजारो इमारती अशा पद्धतीने उभ्या राहिल्या. त्यांतल्या कितीतरी इमारतींत रेडिएटरला नियंत्रणासाठी काहीच नव्हते. उकाडा झाला की खिडकी उघडायची, हेच नियंत्रण होते. पूर्व जर्मनीतल्या अशा इमारतींत थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह मोठ्या प्रमाणावर बसले ते १९९० च्या एकीकरणानंतर.

हिशेबासाठी पाच मजल्यांची एक इमारत घेऊ. वरून खाली उतरणारा एक उभा पाइप आणि प्रत्येक मजल्यावर एक रेडिएटर. पाणी वरून ७५ अंशांवर निघते आणि सारख्याच गरजेच्या पाच खोल्या तापवून ५५ अंशांवर तळाला पोचते, म्हणजे प्रत्येक खोली चार अंश काढून घेते. सगळे पाणी प्रत्येक रेडिएटरच्या पोटातूनच जाते असे धरले, तर पहिल्या रेडिएटरचे सरासरी तापमान ७३ आणि शेवटच्याचे ५७ अंश येते. खोली २० अंशांची, तेव्हा फरक अनुक्रमे ५३ आणि ३७. रेडिएटर देतो ती उष्णता या फरकाच्या साधारण १.३ घाताच्या प्रमाणात बदलते. म्हणून त्याच आकाराचा शेवटचा रेडिएटर पहिल्याच्या तुलनेत ६३ टक्क्यांच्या आसपासच उष्णता देईल. तळमजल्यावरच्या रेडिएटरला जास्त पाकळ्या दिसतात त्या यामुळे. भाडेकरूने ‘एवढा मोठा कशाला’ म्हणून तो बदलून लहान बसवू नये.

आता या साखळीतल्या चौथ्या मजल्यावरच्याने व्हॉल्व्ह बंद केला आणि पाण्याला रेडिएटरमधूनच जाण्याची सक्ती असली, तर त्याच्यासकट त्या उभ्या पाइपवरची पाचही घरे गार पडतील. म्हणून रेडिएटरच्या आत जाणारा आणि बाहेर येणारा पाइप यांना जोडणारा एक आडवा तुकडा हवाच. तो म्हणजे बायपास. बायपास असला की पाण्याचा काही भाग रेडिएटरमध्ये जातो, उरलेला सरळ पुढे जातो आणि पलीकडे दोन्ही एकत्र होतात. वरच्याच उदाहरणात एक तृतीयांश पाणी रेडिएटरमध्ये गेले, तर ते ७५ वरून ६३ अंशांपर्यंत निवेल आणि बायपासच्या ७५ अंशांच्या दोन तृतीयांश पाण्यात मिसळल्यावर मिश्रण बरोबर ७१ अंशांचे होईल. घराला हवी ती उष्णता मिळाली आणि पाइपमधला एकूण प्रवाह कुठेही अडला नाही. थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हने या रचनेत करायचे काम म्हणजे पाणी अडवणे नव्हे, तर त्याला बायपासकडे वळवणे.

कोणता व्हॉल्व्ह, आणि बायपास कसा ओळखायचा

व्हॉल्व्ह निवडताना सर्वांत जास्त चुका होतात त्या अशा. बाजारात सहज मिळणारे थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह दोन पाइपांच्या रचनेसाठी असतात आणि त्यांच्या आतली वाट मुद्दाम अरुंद ठेवलेली असते, कारण तिथे पंपाचा दाब प्रत्येक रेडिएटरवर बराच असतो आणि तो खर्ची घालावा लागतो. एकपाइपी रचनेत रेडिएटरच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक म्हणजे फक्त त्या छोट्या बायपासच्या तुकड्यात खर्च होणारा दाब, म्हणजे अगदी नगण्य. तिथे अरुंद वाटेचा व्हॉल्व्ह बसवला तर जवळजवळ सगळे पाणी सोप्या वाटेने, बायपासमधून, निघून जाते. डोके ५ वर आहे, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे, उभा पाइप हाताला चटका देतो आणि रेडिएटर मात्र कोमट: असे वर्णन फोनवर ऐकले की कारण बहुतेक वेळा हेच निघते.

व्हॉल्व्हच्या क्षमतेचा आकडा माहितीपत्रकात केव्हीएस या नावाने दिलेला असतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना आणि दाबाचा फरक एक बार असताना तासाला किती घनमीटर पाणी जाते, ते हा आकडा सांगतो. अर्ध्या इंची दोन-पाइपी व्हॉल्व्हचा हा आकडा साधारण १ किंवा त्याहून कमी असतो. एकपाइपी रचनेसाठी बनवलेल्या त्याच मापाच्या, मोठ्या वाटेच्या व्हॉल्व्हचा २ च्या वर असतो. बॉडी बाहेरून थोडी जाडजूड दिसते. डोके दोन्हींना सारखेच बसते, त्यामुळे डोके पाहून काहीच कळत नाही.

बायपासचे प्रकार देशागणिक वेगळे दिसतात. जुन्या सोव्हिएत पद्धतीच्या इमारतीत उभ्या पाइपला समांतर, रेडिएटरच्या अलीकडे, एक उघडा तुकडा दिसतो. तो मुख्य पाइपपेक्षा बहुधा एक माप लहान असतो, म्हणजे पाण्याचा पुरेसा वाटा रेडिएटरकडे वळतो. जर्मनीतल्या काही घरांत पाइप जमिनीलगत सर्व खोल्यांतून आडवा फिरतो आणि रेडिएटरच्या तळाशी दोन्ही जोड एकाच पितळी ठोकळ्यात असतात. बायपास त्या ठोकळ्याच्या आत लपलेला असतो आणि रेडिएटरकडे किती वाटा जावा, साधारण एक तृतीयांश ते निम्मा, हे त्यातल्या स्क्रूने ठरवता येते. ब्रिटनमधल्या जुन्या घरांत कधी रेडिएटरची दोन्ही टोके फुटाफुटाच्या अंतराने एकाच अखंड पाइपवर टी लावून बसवलेली असतात. तिथे मधला पाइप हाच बायपास. या तिन्ही ठिकाणी मोठ्या वाटेचा व्हॉल्व्ह चालतो. बायपासच नसेल, पाइप रेडिएटरच्या एका टोकाने आत आणि दुसऱ्या टोकाने बाहेर असा सरळ जात असेल, तर व्हॉल्व्हचा विचार बायपास घातल्यानंतरच करायचा. बायपासच्या तुकड्यावर स्वतंत्र कॉक लावून तो बंद ठेवण्याची युक्ती काही जण करतात. त्यांचा रेडिएटर जास्त तापतो खरा, पण त्यानंतर तिथला थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह मिटला की सगळ्या ओळीचे पाणी तुंबते. हा शुद्ध आगाऊपणा आहे.

बसवण्याचे काम

उभा पाइप एका घराचा नसतो, त्यामुळे इमारतीच्या व्यवस्थापनाची परवानगी ही पहिली पायरी आहे. ती उपचार म्हणून घेऊ नये, कारण काम सुरू करण्यापूर्वी त्या ओळीचे पाणी काढावे लागते आणि वरखालच्या सगळ्यांची हीटिंग थांबते. म्हणून हे काम हीटिंगचा मोसम संपल्यावर, उन्हाळ्यात करतात. भाडेकरूने स्वतः पाना हातात घेऊ नये, हे वेगळे सांगायला नको. तरी प्लंबर काय करतो ते ठाऊक असावे.

व्हॉल्व्ह पाणी आत येते त्या टोकाला बसवायचा आणि बॉडीवरचा बाण प्रवाहाच्या दिशेने ठेवायचा. जे व्हॉल्व्ह दोन्ही दिशांना चालणारे नसतात, ते उलटे बसले तर मिटण्याच्या बेताला आल्यावर धडधड आवाज करतात. डोके आडवे, खोलीच्या बाजूला तोंड करून यावे. ते पाइपच्या थेट वर उभे राहिले तर पाइपच्या उष्णतेने फसते आणि खोली गार असतानाच वाट बंद करते. जाड पडद्यामागे किंवा रेडिएटर झाकणाऱ्या लाकडी पेटीत डोके गेले तरी तोच प्रकार होतो. अशा जागी बारीक नळीने जोडलेला वेगळा संवेदक घेऊन तो मोकळ्या भिंतीवर लावतात. रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाचा व्हॉल्व्ह दोन-पाइपी रचनेत आवळून प्रवाह मोजूनमापून देतात. इथे तो पूर्ण उघडा ठेवायचा, कारण आधीच नगण्य असलेल्या दाबात आणखी अडथळा परवडत नाही. पाणी परत भरल्यावर हवा काढायची आणि सर्वांत वरच्या मजल्यावर ती विशेष काळजीने काढायची. मोसम संपल्यावर डोके पूर्ण उघडे ठेवण्याची सवय चांगली, नाहीतर महिनोन्महिने दाबलेली पिन अडकून बसते.

खोलीत भिंतीवर बॉयलरला चालू-बंद करणारा मुख्य थर्मोस्टॅट असेल, तर त्या खोलीतल्या रेडिएटरला हा व्हॉल्व्ह लावू नये. व्हॉल्व्ह खोली विसावर रोखून धरतो, भिंतीवरचा थर्मोस्टॅट एकविसाची वाट पाहत राहतो आणि बॉयलर थांबत नाही.

पाण्याच्या रचनेतली आणखी एक अडचण सगळ्या इमारतीची आहे आणि ती एका घरात सुटत नाही. चौथ्या रेडिएटरने पाणी नाकारले की पाचव्याला ५९ ऐवजी ६३ अंशांचे पाणी मिळते. उन्ह पडले, सगळ्यांचे व्हॉल्व्ह मिटले, तर ७५ अंशांचे पाणी खोल्यांतल्या उघड्या पाइपमधून नुसते फिरत राहते, पाइपच घरे तापवतात आणि बरेचसे गरम पाणी तसेच परतते. बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचा, म्हणजे धुरातली वाफ द्रवरूप करून तिचीही उष्णता वापरणारा असेल, तर नैसर्गिक वायूच्या धुरातली ही वाफ साधारण ५५ अंशांखालीच द्रवरूप होते. परतीचे पाणी त्याहून गरम आले की त्या बॉयलरचा फायदाच जातो. म्हणून प्रत्येक उभ्या पाइपच्या तळाशी परतीचे तापमान पाहून प्रवाह कमी करणारा नियंत्रक बसवणे, हे काम घराघरांतल्या व्हॉल्व्हइतकेच आवश्यक आहे. माझ्या मते ते आधी व्हायला हवे. उघड्या पाइपमधून मिळालेली ही उष्णता रेडिएटरवरच्या मोजणी-यंत्रात नीट येत नाही. तिचा बिलात हिशेब कसा धरायचा, यासाठी जर्मनीत व्हीडीआय २०७७ या मार्गदर्शिकेत वेगळी तरतूद करावी लागली आहे. बिलावरून घरमालकाशी वाद घालण्यापूर्वी हे ठाऊक असलेले बरे.

पाइपमध्ये वाफ असेल तर

न्यूयॉर्क किंवा बोस्टनमधल्या जुन्या इमारतीतून फोटो आला आणि रेडिएटरला तळाशी एकच जाड पाइप, दुसऱ्या बाजूला अर्ध्या उंचीवर फुसफुसणारी लहानशी चकचकीत डबी दिसली, तर आतापर्यंतचे बहुतेक सगळे विसरायचे. ती वाफेची एकपाइपी रचना आहे आणि ती सोलापूरकराला पाण्याच्या रचनेपेक्षा लवकर समजते.

टॉवेल-चादरीचे प्रोसेस हाउस ज्यांनी पाहिले आहे, त्यांना सकाळी यंत्र सुरू करतानाचा त्रास ठाऊक असतो. सुकवण्याच्या सिलिंडरमध्ये रात्रभर हवा भरलेली असते. ती निघेपर्यंत वाफ आत शिरत नाही आणि सिलिंडर जागोजागी गार राहतो. साखर कारखान्यात बाष्पीभवनाच्या भांड्यांवर न द्रवणारे वायू काढण्याच्या नळ्या असतात त्या याचसाठी. जिथे हवा आहे तिथे वाफ येऊ शकत नाही. एकपाइपी वाफेचा रेडिएटर याच नियमावर चालतो. त्या डबीतून, म्हणजे एअर व्हेंटमधून, हवा बाहेर जाते, मागोमाग वाफ येते, वाफ डबीपर्यंत पोचली की डबी आपोआप बंद होते. वाफ द्रवते तेव्हा प्रत्येक किलोमागे सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता खोलीला मिळते आणि झालेले पाणी ज्या पाइपने वाफ आली त्याच पाइपने, रेडिएटरच्या उताराने, परत खाली जाते. आपल्या कारखान्यांतले बॉयलर १०.५४ किलो प्रति चौरस सेंटीमीटर अशा दाबाला बांधलेले असतात; या घरगुती रचनेत दाब त्याच्या शंभराव्या-पन्नासाव्या हिश्शाएवढाच असतो. वाफ ढकलून आत घालायला तिथे जोर नाही, म्हणून हवा निघणे हेच सर्वस्व.

वाफ येणाऱ्या टोकाचा व्हॉल्व्ह अर्धवट बंद का करू नये, हे यावरून कळेल. वाट अरुंद झाली की वाफेचा वेग वाढतो, परत येणारे पाणी तिला ओलांडू शकत नाही, रेडिएटरच्या तळाशी साचते. मग पाइपमध्ये हातोडा मारल्यासारखे दणके बसतात आणि व्हेंटमधून पाणी थुंकले जाते. तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, मधली स्थिती नाही. थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हचे काम तर मधल्या स्थितीत राहण्याचेच असते, म्हणून त्याला वाफेच्या टोकाला जागा नाही. त्याची जागा दुसऱ्या टोकाला, रेडिएटर आणि एअर व्हेंट यांच्या मध्ये. खोली पुरेशी उबदार असली की तो हवेची वाट मिटवतो, हवा आत अडकते आणि वाफ बाहेरच थांबते. या प्रकारच्या व्हॉल्व्हमध्ये निर्वात फोडणारी झडपही असावी लागते. वाफ द्रवल्यावर आत पोकळी तयार होते, ती झडपेतून हवा घेऊन भरली नाही तर रेडिएटर आणखी वाफ ओढून घेतो आणि पाणी नीट उतरत नाही.

या व्यवस्थेला एक मर्यादा आहे. एकदा हवा निघून वाफ भरली की व्हेंट मिटवून काही उपयोग नाही, कारण वाफ येत राहते आणि द्रवत राहते. बॉयलर थांबेल, रेडिएटर निवेल, हवा परत आत येईल, तेव्हाच व्हॉल्व्हला पुन्हा निर्णय घेण्याची संधी मिळते. बॉयलर दिवसातून अनेकदा चालू-बंद होत असेल तर परिणाम चांगला दिसतो. कडाक्याच्या थंडीत तो सलग चालला तर व्हॉल्व्ह नुसता बसून असतो. शिवाय हा व्हॉल्व्ह फक्त जास्तीची ऊब कमी करतो. जी खोली मुळात गार राहते तिथे तो लावून काही मिळत नाही. तिथे मोठ्या तोंडाचा एअर व्हेंट लावावा, किंवा रेडिएटरचा उतार वाफेच्या टोकाकडे आहे ना, ते पाणसळ ठेवून तपासावे.

बॅटरीवर चालणारी, मोबाइलवरून वेळ ठरवता येणारी डोकी आता सर्रास मिळतात आणि मुले आधी त्यांच्याबद्दलच विचारतात. पाण्याच्या रचनेत ती मोठ्या वाटेच्या बॉडीवर निर्धास्त बसवावीत, बॉडीचा आटा आणि डोक्याचा आटा जुळतो ना, एवढे पाहून. बायपास नसेल किंवा बॉडी दोन-पाइपी असेल, तर महागडे डोकेही त्या पितळी तुकड्यातून जेवढे पाणी जाईल तेवढ्यावरच काम करणार.